राहत्या घराची विक्री आणि भांडवली नफ्यावरील आयकर : कलम ५४ च्या सवलतीचे स्वरूप व मर्यादा

सारांश : राहते घर विकून होणाऱ्या नफ्यावर आयकर लागू होतो आणि आयकर अधिनियमातील कलम ५४ त्यातून सवलत देते. ही सवलत राहत्या घराला आहे असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ती घराला नसून नफ्याच्या पुनर्गुंतवणुकीला आहे. प्रस्तुत लेखात या तरतुदीची घडण, २०२४ मध्ये झालेला बदल आणि निवृत्तीनंतर घर विकणाऱ्या नोकरदारावर होणारा तिचा परिणाम यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : भांडवली नफा, कलम ५४, पुनर्गुंतवणूक, महागाई निर्देशांक, निवृत्ती.

प्रस्तावना

मध्यमवर्गीय नोकरदाराच्या आयुष्यात घर ही बहुधा एकमेव मोठी मत्ता असते. पंधरा-वीस वर्षे कर्जाचे हप्ते फेडून ते आपले होते आणि निवृत्तीच्या सुमारास ते ठेवावे की विकावे हा प्रश्न उभा राहतो. महाराष्ट्रातील प्राध्यापक वर्गाच्या दृष्टीने या प्रश्नाला आता वेगळे महत्त्व आले आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर सेवेत आलेल्या कर्मचाऱ्यांना सर्वसाधारणपणे जुनी निवृत्तिवेतन योजना लागू झाली नाही. त्यांच्या वाट्याला अंशदायी योजना आली. ही पिढी निवृत्त होईल तेव्हा तिच्या म्हातारपणाचा आधार काही प्रमाणात तिचे घर हाच असणार आहे. अशा वेळी घराच्या विक्रीवर कर किती लागतो आणि तो कोणत्या अटींवर टळतो, ही माहिती केवळ वाणिज्य शाखेपुरती राहत नाही.

विषयाची मांडणी करताना आयकर अधिनियम, १९६१ मधील परिचित कलमांचे क्रमांक वापरले आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या व्यवहारांना आयकर अधिनियम, २०२५ लागू होतो. त्यात कलमांचे क्रमांक व भाषा बदलली असली, तरी येथे विवेचिलेली मूळ तत्त्वे कायम आहेत.

भांडवली नफ्यावरील कर : थोडी पार्श्वभूमी

भारतात भांडवली नफ्यावरील कर प्रथम १९४७ मध्ये बसविण्यात आला. परंतु तो अल्पकाळच टिकला. पुढे अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डॉर यांनी १९५६ साली भारतीय करव्यवस्थेविषयी दिलेल्या अहवालात या कराची शिफारस केली आणि १ एप्रिल १९५७ पासून तो पुन्हा लागू झाला. १९६१ च्या अधिनियमाने त्याला स्थायी रूप दिले.

या कराचे तत्त्व साधे आहे. पगार हे श्रमाचे फळ असते, तर मत्तेच्या किमतीत झालेली वाढ ही मालकीचे फळ असते. दोन्हींमुळे व्यक्तीची आर्थिक क्षमता वाढते, म्हणून दोन्हींवर कर असावा. मात्र घराच्या बाबतीत हे तत्त्व अडखळते. ज्याने एक घर विकून तेवढ्याच किमतीत दुसरे घेतले, त्याच्या हाती कागदोपत्री मोठा नफा येतो. पण त्याची क्षमता वाढलेली नसते. जुन्या घराची किंमत वाढली तशी नव्याचीही वाढलेली असते. कर भरून उरलेल्या रकमेत त्याला पूर्वीसारखे घर मिळणार नाही. ही अडचण ओळखूनच विधिमंडळांनी राहत्या घरासाठी निरनिराळ्या सवलती निर्माण केल्या.

नफ्याची मोजणी

घर २४ महिन्यांपेक्षा अधिक काळ मालकीचे असेल, तर त्यावरील नफा दीर्घकालीन ठरतो. त्याहून कमी काळात विकल्यास तो अल्पकालीन ठरून नेहमीच्या दराने करपात्र होतो आणि कलम ५४ ची सवलतही मिळत नाही. विक्रीच्या किमतीतून विक्रीचा खर्च, घराची मूळ किंमत आणि सुधारणांचा खर्च वजा केला म्हणजे नफा मिळतो.

येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली, विक्रीची किंमत ही केवळ करारात लिहिलेली रक्कम नव्हे. मुद्रांक शुल्कासाठी शासनाने ठरविलेले मूल्य, ज्याला महाराष्ट्रात आपण रेडी रेकनरचा दर म्हणतो, ते करारातील किमतीपेक्षा १० टक्क्यांहून अधिक असेल, तर कलम ५० सी अन्वये ते मूल्यच विक्रीची किंमत मानले जाते. दुसरी, घर १ एप्रिल २००१ पूर्वीचे असल्यास मूळ किमतीऐवजी त्या दिवशीचे वाजवी बाजारमूल्य धरता येते. मात्र ते त्या दिवशीच्या मुद्रांक शुल्क मूल्यापेक्षा अधिक असू शकत नाही. तिसरी, घर वारसाहक्काने, मृत्युपत्राने किंवा बक्षीसपत्राने मिळाले असेल, तर ते मिळताना भांडवली नफ्यावरील कर लागत नाही. पण पुढे विकताना पूर्वीच्या मालकाची किंमत आणि त्याचा मालकीचा काळ हिशेबात घेतला जातो. निर्देशांकाचा लाभही पूर्वीच्या मालकाच्या खरेदीवर्षापासून मिळावा, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०११ साली मंजुळा शहा प्रकरणात दिला.

म्हणूनच जुनी कागदपत्रे जपून ठेवणे आवश्यक ठरते. मूळ करारनामा, सूची क्रमांक दोन, नोंदणी व मुद्रांक शुल्काच्या पावत्या आणि मोठ्या बांधकाम-सुधारणांची देयके यांतील एखादा कागद नसेल, तर तेवढा खर्च सिद्ध करणे कठीण जाते आणि नफा फुगतो.

२०२४ चा बदल : निर्देशांक की कमी दर ?

२२ जुलै २०२४ पर्यंत दीर्घकालीन नफ्यावर २० टक्के कर होता. परंतु त्यापूर्वी मूळ किंमत महागाई निर्देशांकाने वाढवून घेता येत असे. २३ जुलै २०२४ पासून निर्देशांकाचा लाभ काढून टाकण्यात आला आणि दर साडेबारा टक्के करण्यात आला. यावर बरीच टीका झाल्यानंतर वित्त विधेयक संमत होताना दुरुस्ती करण्यात आली. त्यानुसार २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेली जमीन वा इमारत विकणाऱ्या, भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला व हिंदू अविभक्त कुटुंबाला दोन्ही पद्धतींपैकी ज्या पद्धतीने कर कमी येतो, तेवढाच कर द्यावा लागतो. अनिवासी भारतीयांना हा पर्याय नाही. ज्यांची मुले परदेशी स्थायिक होऊन येथील घरांची मालक झाली आहेत, अशा कुटुंबांनी हा भेद विशेष लक्षात घ्यावा.

दोन काल्पनिक उदाहरणांनी हा बदल स्पष्ट होईल. सुधारणांचा खर्च, अधिभार आणि ४ टक्के उपकर तूर्त बाजूला ठेवू.

एका गृहस्थांनी २००४-०५ मध्ये ८ लाख रुपयांना घेतलेले घर २०२५-२६ मध्ये ७० लाखांना विकले. निर्देशांक २००४-०५ साठी ११३ आणि २०२५-२६ साठी ३७६ आहे. त्यामुळे वाढीव मूळ किंमत सुमारे २६ लाख ६२ हजार, नफा सुमारे ४३ लाख ३८ हजार आणि २० टक्के दराने कर सुमारे ८ लाख ६८ हजार रुपये येतो. नव्या पद्धतीने नफा ६२ लाख आणि साडेबारा टक्के दराने कर ७ लाख ७५ हजार रुपये येतो. येथे नवी पद्धत हिताची ठरते.

दुसऱ्या गृहस्थांनी २०१२-१३ मध्ये ४० लाखांना घेतलेले घर त्याच वर्षी ७० लाखांना विकले. २०१२-१३ चा निर्देशांक २०० आहे. म्हणून वाढीव मूळ किंमत ७५ लाख २० हजार होते. जुन्या पद्धतीने नफाच उरत नाही आणि कर शून्य होतो. नव्या पद्धतीने मात्र ३० लाखांवर ३ लाख ७५ हजार रुपये कर आला असता. म्हणजे ज्याच्या घराची किंमत महागाईच्या मानाने खूप वाढली त्याला नवी पद्धत उपकारक आहे, आणि ज्याच्या घराची किंमत महागाईच्या मागे पडली त्याला जुनी पद्धत वाचविते. २३ जुलै २०२४ रोजी किंवा त्यानंतर घर घेणाऱ्यांना हे संरक्षण नाही. त्यांच्या बाबतीत निव्वळ महागाईमुळे वाढलेल्या किमतीवरही कर पडेल. आज पहिले घर घेणाऱ्या तरुण प्राध्यापकाने ही गोष्ट आजच जाणून घ्यावयास हवी.

कलम ५४ : सवलतीच्या अटी

विकलेले घर निवासी असेल आणि त्यावरील नफा दीर्घकालीन असेल, तर व्यक्ती अथवा हिंदू अविभक्त कुटुंब यांना कलम ५४ ची सवलत मिळते. त्यासाठी विक्रीच्या तारखेपूर्वी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत भारतात दुसरे निवासी घर विकत घ्यावे लागते, अथवा तीन वर्षांत बांधावे लागते. गुंतवणूक विक्रीच्या संपूर्ण रकमेची नव्हे, तर नफ्याची अपेक्षित असते. नफ्याएवढी वा अधिक रक्कम नव्या घरात गेली, तर पूर्ण नफा करमुक्त होतो. कमी गेली, तर जेवढी गेली तेवढीच सूट मिळते. गृहनिर्माण संस्थांनी वाटप केलेल्या सदनिकांना बांधकामाचीच मुदत लागू होण्याबाबत केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची १९८६ व १९९३ ची परिपत्रके आहेत.

नवे घर तीन वर्षांच्या आत विकल्यास दिलेली सूट त्या घराच्या किमतीतून वजा होते आणि कर वाढतो. २०१४ च्या दुरुस्तीने ‘भारतातील एक निवासी घर’ असा स्पष्ट उल्लेख आला. २०१९ च्या दुरुस्तीने नफा २ कोटींपेक्षा अधिक नसल्यास आयुष्यात एकदाच दोन घरे घेण्याची मुभा मिळाली. २०२३ च्या दुरुस्तीने सवलतीला १० कोटी रुपयांची कमाल मर्यादा घालण्यात आली.

व्यवहारात सर्वाधिक चुकणारी अट मुदतीची आहे. दोन किंवा तीन वर्षांची मुदत आहे म्हणून रक्कम तोवर बचत खात्यात ठेवता येते, असे अनेकांना वाटते. तसे नाही. विवरणपत्र भरण्याच्या विहित तारखेपर्यंत नफ्याची जी रक्कम नव्या घरात खर्च झालेली नसेल, ती त्या तारखेपूर्वी, भांडवली नफा खाते योजना, १९८८ अंतर्गत प्राधिकृत बँकेत उघडलेल्या खात्यात जमा करावी लागते. या खात्यातून घरासाठीच पैसे काढता येतात आणि मुदत संपेपर्यंत न वापरलेली रक्कम त्या वर्षी करपात्र होते. तसेच ५० लाख वा अधिक किमतीच्या व्यवहारात खरेदीदार १ टक्का रक्कम कापून शासनाकडे भरतो, तोच अंतिम कर असा समज आढळतो. ती केवळ आगाऊ कपात असते. खरा कर विवरणपत्रात ठरतो.

सवलत कोणाला ?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तीन विक्रेते कल्पू. तिघांचाही नफा ४० लाख आहे आणि कर साडेबारा टक्के दरानेच ठरतो असे धरू. पहिल्याने दोन खोल्यांचे राहते घर विकून मोठे घर घेतले. दुसऱ्याने स्वतः कधीही न राहिलेले, भाड्याने दिलेले घर विकून भाड्याने देण्यासाठीच दुसरे घर घेतले. तिसरा निवृत्त शिक्षक आहे. त्याने वीस वर्षे राहिलेले घर विकले, तो गावच्या वडिलोपार्जित घरी राहावयास गेला आणि व्याजावर महिन्याचा खर्च भागावा म्हणून पैसे बँकेत ठेवले. पहिल्या दोघांना कर शून्य. तिसऱ्याला ५ लाख रुपये व त्यावर उपकर. त्याने गावच्या घराची केवळ डागडुजी व रंगरंगोटी केली, तरी ती खरेदीही ठरत नाही आणि बांधकामही ठरत नाही.

म्हणजे विकलेल्या घरात करदाता राहत होता काय, हा प्रश्न कायदा विचारतच नाही. पूर्वी तो विचारला जात असे. मूळच्या कलम ५४ मध्ये विक्रीपूर्वीची दोन वर्षे ते घर मुख्यतः करदात्याच्या अथवा त्याच्या आईवडिलांच्या निवासासाठी वापरात असावे अशी अट होती. १९८२ च्या वित्त अधिनियमाने ती काढून टाकली. तेव्हापासून ही सवलत खऱ्या अर्थाने राहत्या घराची राहिली नाही. घरबाजारात पैसा पुन्हा गुंतविणाऱ्याची ती सवलत झाली.

अमेरिकेचा प्रवास नेमका उलट झाला. तेथे १९९७ पर्यंत जुन्या घराचा नफा नव्या घरात गुंतविल्यास कर पुढे ढकलला जाई आणि ५५ वर्षांवरील व्यक्तीला आयुष्यात एकदा १,२५,००० डॉलरपर्यंत सूट मिळे. १९९७ च्या कायद्याने ही व्यवस्था मोडीत काढली. मागील पाच वर्षांपैकी किमान दोन वर्षे मालकी व वास्तव्य असल्यास एकट्या व्यक्तीला २,५०,००० आणि संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्या दांपत्याला ५,००,००० डॉलरपर्यंतचा नफा करमुक्त झाला. पैशाचे पुढे काय केले, हे तेथे विचारले जात नाही. ब्रिटनमध्ये १९६५ साली भांडवली नफ्यावरील कर आला तेव्हापासूनच मुख्य निवासस्थान त्यातून वगळलेले आहे.

निवृत्तासमोरील पर्याय

वरील उदाहरणातील तिसऱ्या विक्रेत्यासाठी कायद्यात काहीच वाट नाही असे मात्र नाही. कलम ५४ ईसी प्रमाणे विक्रीपासून सहा महिन्यांत विहित रोख्यांत नफा गुंतविल्यास ५० लाखांपर्यंत सूट मिळते. आरईसी, पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन व इंडियन रेल्वे फायनान्स कॉर्पोरेशन यांचे रोखे या प्रकारातील आहेत. परंतु ही रक्कम पाच वर्षे अडकून राहते, रोखे तारण ठेवून कर्ज काढल्यास सूट जाते आणि त्यावरील व्याज करपात्र असते. साठीनंतरची पाच वर्षे ही आजारपण व अनपेक्षित खर्चाची असू शकतात; त्या काळात पैसा हाताशी नसणे ही या सवलतीची खरी किंमत होय. शिवाय ५० लाखांची मर्यादा २००७ मध्ये अधिनियमात आली आणि त्यानंतर वाढलेली नाही. शासनाचाच निर्देशांक २००७-०८ मध्ये १२९ होता व २०२५-२६ मध्ये ३७६ झाला. त्या हिशेबाने आज ही मर्यादा सुमारे १ कोटी ४५ लाख असावयास हवी होती.

इतर उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेपेक्षा कमी असल्यास, भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला उरलेली मर्यादा या नफ्यापुढे वापरता येते. तसेच घर न विकता ते बँकेकडे तारण ठेवून नियमित रक्कम घेण्याचा, म्हणजे रिव्हर्स मॉर्गेजचा मार्ग आहे. २००८ च्या वित्त अधिनियमाने असे तारण हे हस्तांतरण नव्हे आणि मिळणारी रक्कम उत्पन्न नव्हे, हे स्पष्ट केले. ज्यांना राहती जागा सोडावयाची नाही, त्यांनी विक्रीपूर्वी या पर्यायाचा विचार अवश्य करावा.

एक आक्षेप

सद्यःस्थितीचे समर्थनही करता येते. पुनर्गुंतवणुकीच्या अटीमुळे घरबांधणीस चालना मिळते. करदाता खरोखर कोठे राहत होता हे तपासणे अवघड असते, तर खरेदीखत तपासणे सोपे असते. शिवाय मुख्य घर सरसकट करमुक्त केल्यास सर्वांत महागड्या घराच्या मालकास सर्वाधिक लाभ होतो, हा ब्रिटिश व्यवस्थेवरील आक्षेप निराधार नाही. तथापि हे युक्तिवाद अमर्याद सवलतीविरुद्ध लागू पडतात, मर्यादित सवलतीविरुद्ध नव्हे. २०२३ मध्ये १० कोटींची मर्यादा आली, यावरून जुन्या रचनेचा मोठा लाभ अतिश्रीमंतांस होत होता हे शासनानेही मान्य केल्याचे दिसते. मात्र ९ कोटींचा नफा नव्या बंगल्यात घालणाऱ्यास आजही पूर्ण सूट आहे आणि ४० लाखांचा नफा म्हातारपणासाठी बँकेत ठेवणाऱ्यास ती नाही. निवासाच्या पुराव्याचा प्रश्नही १९६१ इतका कठीण राहिलेला नाही. वीजदेयक, मतदारयादी, शिधापत्रिका आणि आधार यांवरून दोन वर्षांचे वास्तव्य दाखविता येते.

निष्कर्ष

१. कलम ५४ ची सवलत राहत्या घरास नसून निवासी घरातील पुनर्गुंतवणुकीस आहे. १९८२ मध्ये वास्तव्याची अट वगळल्यामुळे गुंतवणूकदार व रहिवासी यांतील भेद नाहीसा झाला.

२. २३ जुलै २०२४ पूर्वी घर घेतलेल्या निवासी विक्रेत्याने दोन्ही पद्धतींनी कर काढून पाहावा. त्यानंतर घर घेणाऱ्याने निर्देशांकाचा लाभ मिळणार नाही हे गृहीत धरूनच नियोजन करावे.

३. विक्रीचा निर्णय घेण्यापूर्वी नफा, नव्या घराची मुदत, भांडवली नफा खात्यातील ठेवीची तारीख आणि रोख्यांसाठीचे सहा महिने यांचे वेळापत्रक लिहून काढावे. करार झाल्यावर ही मुदत थांबत नाही.

४. साठ वर्षांवरील व्यक्तीस, किमान दोन वर्षे स्वतः राहिलेल्या घराच्या विक्रीवर, आयुष्यात एकदाच, ठरावीक रकमेपर्यंत आणि पुनर्गुंतवणुकीची अट न घालता सूट द्यावी. तसेच कलम ५४ ईसी ची मर्यादा निर्देशांकाशी जोडावी, असे सुचवावेसे वाटते.

घर ही वस्तू खरेदी-विक्रीच्या व्यवहारात मत्ता असते, तर राहणाऱ्याच्या दृष्टीने ती आश्रय असते. आपला करकायदा तिच्याकडे केवळ मत्ता म्हणून पाहतो. निवृत्तिवेतनाची हमी नसलेली पिढी जसजशी साठीकडे सरकेल, तसतसा आश्रयाचे रूपांतर उपजीविकेत करण्याचा प्रश्न अधिकाधिक घरांत उभा राहील आणि कायद्यास त्याचे उत्तर द्यावे लागेल.